स्पेक्ट्रमच्या पाठीला लावलेले कार्ड : डिव्हएमएमसी, वर्षभराच्या वापरानंतर

डिव्हएमएमसी हे स्पेक्ट्रम या १९८०च्या दशकातल्या घरगुती संगणकाच्या मागे लावायचे कार्ड आहे; कॅसेटऐवजी एसडी कार्डावरून प्रोग्राम चढवण्यासाठी ते वापरतात. मी ते मागवले ते कॅसेटच्या कटकटीतून सुटका व्हावी म्हणून. प्रत्यक्षात त्याचा पहिला उपयोग झाला तो बंद पडलेल्या यंत्राचे निदान करण्यासाठी. वर्षभराच्या वापरानंतर परीक्षण लिहिताना मला हा क्रमच महत्त्वाचा वाटतो, कारण हे कार्ड घेणारे अनेक जण यंत्राची तब्येत न तपासता ते थेट यंत्राच्या मागच्या जोडणीच्या पट्टीवर चढवतात आणि पडद्यावर काही उमटले नाही की दोष कार्डाच्या माथी मारतात.

माझ्याकडचे यंत्र सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस आहे. मूळ स्पेक्ट्रम २३ एप्रिल १९८२ रोजी इंग्लंडमध्ये जाहीर झाला, तेव्हा १६ केबी स्मृतीच्या यंत्राची किंमत १२५ पौंड आणि ४८ केबीच्या यंत्राची १७५ पौंड होती. ऑक्टोबर १९८४ मध्ये आलेल्या प्लसमध्ये आतील बोर्ड जवळपास तोच राहिला. रबरी बटणांच्या जागी कडक प्लास्टिकचा कीबोर्ड आला आणि डाव्या अंगाला रीसेटचे एक बटण मिळाले. माझ्या मामांनी हे यंत्र १९८५ साली लंडनहून आणले होते. भारतात त्याच्या पुढच्या वर्षी डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने स्पेक्ट्रम प्लस बाजारात आणला, त्यामुळे एखाद्याच्या माळ्यावर तसे खोके सापडले तर पुढचा बहुतेक मजकूर त्यालाही लागू पडावा.

डिव्हएमएमसी हे एका कंपनीचे उत्पादन नाही. डिव्हआयडीई नावाच्या जुन्या, हार्ड डिस्क जोडण्याच्या कार्डावरून पुढे आलेली ही रचना असून तिच्यात डिस्कच्या जागी एसडी कार्ड वापरले जाते, आणि अनेक छोटे कारागीर ती आपापल्या परीने बनवून विकतात. म्हणून बांधणीबद्दल जे लिहीन ते मी घेतलेल्या नगापुरते समजावे; कार्य कसे चालते याबद्दलचे विवेचन मात्र सर्वांना सारखेच आहे. माझा नग युरोपातल्या एका हौशी कारागिराकडून आला आणि टपालखर्च व सीमाशुल्क धरून सात हजार रुपयांच्या थोडे पुढे गेला. थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या काळ्या डबीत बोर्ड, वरच्या बाजूला एसडी कार्डाची खाच, एक लाल बटण आणि बाजूला केम्पस्टन पद्धतीचा जॉयस्टिक जोडण्याची जागा, एवढाच ऐवज आहे. सोबत छापील कागदाचा एक चिटोराही नव्हता.

कार्डाची खरी करामत स्मृतीच्या नकाशात आहे. स्पेक्ट्रमच्या झेड८०ए प्रोसेसरला ६४ केबी एवढाच पत्ता दिसतो; त्यातला पहिला १६ केबी भाग रॉमचा, म्हणजे यंत्राचे मूळ सॉफ्टवेअर असलेल्या न बदलणाऱ्या स्मृतीचा, आणि उरलेला ४८ केबी रॅमचा, म्हणजे कामचलाऊ स्मृतीचा, म्हणजे नव्या सॉफ्टवेअरला पाय ठेवायलाही जागा नाही. हे कार्ड प्रोसेसर कोणत्या पत्त्यावरची आज्ञा उचलतो आहे यावर सतत नजर ठेवते आणि रॉममधले काही ठरावीक पत्ते आले की मूळ रॉम बाजूला सारून त्या जागी स्वतःची स्मृती पुढे करते. उदाहरणार्थ, कॅसेटवरून माहिती वाचण्याचे काम रॉममध्ये ज्या भागात होते तेथला १३७८ हा पत्ता आला की कार्ड जागे होते आणि कॅसेटचा आवाज ऐकण्याऐवजी एसडी कार्डावरच्या फाइलमधून तोच मजकूर रॅममध्ये उतरवते. लाल बटण दाबले की प्रोसेसर १०२ या पत्त्यावर उडी घेतो, कार्ड पुन्हा मध्ये पडते आणि चालू खेळ आहे तिथे थांबवून फाइलींची यादी पडद्यावर दाखवते. यंत्राच्या आत एकही तार न तोडता हे सारे मागच्या पट्टीवरून साधते, ही मला या रचनेतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

तथापि ही मागची पट्टीच स्पेक्ट्रमचा सर्वांत नाजूक भाग आहे. बोर्डाची कड तशीच बाहेर ठेवून तिच्यावर तांब्याचे पट्टे आणलेले आहेत, आणि त्या पट्ट्यांवर प्रोसेसरच्या संदेशवाहिन्यांबरोबरच ९ व्होल्ट, १२ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि उणे ५ व्होल्ट असे सगळे दाब एकमेकांच्या शेजारी आहेत. वीज चालू असताना जोडणी जरा तिरपी झाली, तर दोन शेजारी एकमेकांना टेकतात आणि आतला वीजपुरवठ्याचा भाग जळतो. आमचे यंत्र नेमके असेच गेले होते. ते कधी बंद पडले असे विचारल्यावर मामांनी सांगितले की जॉयस्टिकची जोडणी सैल वाटली म्हणून त्यांनी ती यंत्र चालू असतानाच हलवून बसवली, पडदा पांढरा झाला आणि त्यानंतर यंत्र कधी उठलेच नाही. स्पेक्ट्रमला वीज बंद करण्याचे बटण नाही, त्यामुळे पिन उपसण्याचा कंटाळा करणारे मामा एकटे नसणार.

कार्ड येण्याआधी मी एवढेच केले होते की जुना अडॅप्टर बाजूला ठेवला. त्यावर ९ व्होल्ट आणि १.४ अँपियर असे लिहिलेले असले तरी तो नियंत्रित पुरवठा देणारा नाही, आणि भार नसताना मल्टीमीटरवर तो १३ व्होल्टच्या वर दाखवत होता. हा जादा दाब यंत्रातला ७८०५ हा रेग्युलेटर, म्हणजे दाब ५ व्होल्टवर स्थिर ठेवणारा भाग, उष्णतेच्या रूपात उडवतो, म्हणूनच स्पेक्ट्रमची उजवी बाजू तासाभरात चांगलीच तापते. नवा, नियंत्रित ९ व्होल्टचा अडॅप्टर पुण्यातल्या तपकीर गल्लीत सहज मिळाला, परंतु येथे एक सापळा आहे. बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरच्या पिनेचा मधला भाग धन असतो, तर स्पेक्ट्रमला तो ऋण लागतो. दुकानदाराने आत्मविश्वासाने ‘बसेल, बसेल’ म्हटले तरी मल्टीमीटरने ध्रुव तपासल्याशिवाय आणि गरज पडल्यास तारा उलट सोल्डर केल्याशिवाय पिन यंत्रात घालू नये.

दुसरे काम चित्राचे. स्पेक्ट्रममधला मॉड्युलेटर, म्हणजे चित्र टीव्हीच्या वाहिनीवर चढवणारी डबी, यूएचएफच्या ३६ व्या वाहिनीवर चित्र पाठवतो, आणि ते आजच्या टीव्हीवर शोधत बसण्यापेक्षा मॉड्युलेटरच्या डबीत येणारा काँपोझिट संदेश थेट बाहेरच्या आरसीए सॉकेटकडे वळवणे सोपे आहे. डबीच्या आतल्या दोन जोडण्या सोडवून १०० मायक्रोफॅरडच्या एका कपॅसिटरमार्गे तार सॉकेटला जोडली की काम होते. बाहेरून काही दिसत नाही आणि पुढे कोणाला वाटले तर सारे पूर्ववत करता येते.

कार्ड आले त्या दिवशी मी ते लगेच लावले नाही, आणि हा निर्णय योग्य ठरला. आधी पेटी उघडून खालच्या रॅमचे दाब मोजले. स्पेक्ट्रमच्या बोर्डावर दोन प्रकारची रॅम आहे. पहिला १६ केबी भाग ४११६ जातीच्या आठ चिपांचा असून त्यांना ५ व्होल्ट, १२ व्होल्ट आणि उणे ५ व्होल्ट असे तीन वेगवेगळे दाब लागतात. वरचा ३२ केबी भाग ज्या चिपांचा आहे त्या मुळात ६४ किलोबिटच्या, पण अर्धा भाग सदोष निघालेल्या म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या, आणि त्यांना केवळ ५ व्होल्ट पुरतात. सिंक्लेअरच्या काटकसरीचा याहून चांगला नमुना सापडणार नाही. ४११६ च्या पहिल्या पिनेवर उणे ५, आठव्या पिनेवर १२ आणि नवव्या पिनेवर ५ व्होल्ट दिसले पाहिजेत, तर सोळावी पिन जमिनीची असते. माझ्या यंत्रात नववी पिन ठीक होती. पहिलीवर काहीच नव्हते आणि आठवीवर १२ ऐवजी ८ च्या आसपास.

हे दोन्ही दाब बोर्डावरच तयार होतात. टीआर ४ नावाचा ट्रान्झिस्टर एका छोट्या कॉइलमधला प्रवाह झपाट्याने चालूबंद करतो आणि त्यातून १२ व उणे ५ व्होल्ट निघतात. जोडणी हलवल्यावर सर्वांत आधी जातो तो हा टीआर ४. त्याच्या जागी झेडटीएक्स ६५० बसवावा, आणि त्याचा जोडीदार टीआर ५, म्हणजे झेडटीएक्स २१३, चांगला दिसला तरी बरोबरच बदलावा, कारण तो अर्धवट बिघडलेला असला तर नवा टीआर ४ काही मिनिटांत जुन्याच्या वाटेने जातो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दोन फेऱ्या मारूनही मला हे क्रमांक मिळाले नाहीत, ते शेवटी टपालानेच मागवले. कॉइलवरचे वेष्टन काळे पडलेले नव्हते हे माझे नशीब. बदल झाल्यावर तिन्ही दाब जागेवर आले आणि टीव्हीवर पहिल्यांदा काहीतरी दिसले : काळ्या पडद्यावर सारख्या अंतराने उभ्या बारीक रेघा, आणि त्यापलीकडे काही नाही. निरोगी यंत्र सुरू होताच जी दाखवते ती १९८२ सालच्या सिंक्लेअर रिसर्चच्या हक्काची (कॉपीराइटची) ओळ उमटण्याचे नाव नव्हते.

रेघा मोजल्या तर ३२ भरल्या, आणि ही संख्या बोलकी आहे. पडद्याचे चित्र खालच्याच रॅममध्ये १६३८४ या पत्त्यापासून साठवलेले असते. प्रत्येक आडव्या ओळीत २५६ ठिपके म्हणजे ३२ बाइट असतात आणि आठ चिपांपैकी प्रत्येक चिप बाइटातला एकेक बिट सांभाळते. एक चिप गेली की प्रत्येक बाइटातला तोच ठिपका अडकतो आणि पडद्यावर ३२ उभ्या रेघा दिसतात. उणे ५ व्होल्ट नसताना १२ व्होल्ट मिळत राहिले तर ४११६ चिपा मरतात, हा त्यांचा जन्मजात दोष आहे; मामांनी ‘पुन्हा एकदा बघू’ म्हणत यंत्र किती वेळा चालू केले असेल ते मी विचारले नाही.

आठांपैकी कोणती चिप मेली हे शोधायला मला कार्डाची मदत झाली. माझ्या नगातल्या फ्लॅश चिपचे दोन भाग असून एका छोट्या जम्परने, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या टोपीने, त्यांची निवड होते. एका भागात ईएसएक्सडॉस ही नेहमीची कार्यप्रणाली आहे, दुसऱ्यात विक्रेत्याने माझ्या विनंतीवरून स्पेक्ट्रमच्या तपासणीचा एक मुक्त प्रोग्राम भरून पाठवला होता. हा प्रोग्राम सुरुवातीला रॅमला हातही लावत नाही. सारी मोजदाद तो प्रोसेसरच्या आतल्या रजिस्टरमध्येच ठेवतो आणि खालची रॅम तपासून झाली की चांगल्या व बिघडलेल्या बिटांसाठी वेगवेगळ्या रंगांचे पट्टे दाखवतो. त्यामुळे बेसिक या स्पेक्ट्रमच्या अंगभूत भाषेतला साधा प्रोग्राम ज्या यंत्रावर चालूच शकत नाही, त्या यंत्रावरही तो निकाल देतो. माझ्या बाबतीत निकाल एका मिनिटात आला : बोर्डावर आयसी ९ असा क्रमांक असलेली चिप.

ही सोय प्रत्येक नगात नसते. नेहमीच्या कार्डात तपासणीचा प्रोग्राम भरायचा तर तो चालू स्थितीतल्या स्पेक्ट्रमवरूनच भरावा लागतो किंवा चिपमध्ये मजकूर भरणारे यंत्र (ईप्रॉम प्रोग्रामर) असलेल्याला गाठावे लागते, आणि ज्याचे यंत्र बंद आहे त्याच्या दृष्टीने हे बंद कपाटात ठेवलेल्या किल्लीसारखे आहे. म्हणून मागणी नोंदवतानाच विक्रेत्याला हा प्रश्न विचारावा. मला विचाराल तर कार्डाच्या जॉयस्टिक जोडणीपेक्षा या जम्परचे मोल अधिक आहे.

चिप बदलण्याबाबत थोडक्यात. या बोर्डावरचे तांब्याचे पट्टे उष्णतेने चटकन सुटतात, तेव्हा जुनी चिप वाचवण्याचा मोह सोडून तिचे पाय कापावेत, एकेक पाय गरम करून काढावा आणि तेथे सॉकेट बसवून नवी चिप त्यात घालावी. आठही ४११६ च्या जागी बसणारी, केवळ ५ व्होल्टवर चालणारी तयार पट्टीही आता मिळते. ती बसवल्यावर १२ व्होल्टची गरज संपली असे काही जण समजतात, पण माझ्यासारख्या बोर्डावर रंगीत चित्र तयार करणाऱ्या एलएम १८८९ या चिपलाही १२ व्होल्ट लागतात, त्यामुळे टीआर ४ दुरुस्त करण्यावाचून सुटका नाही. मी एकच चिप बदलली. हक्काची ओळ उमटल्यावर बेसिकमध्ये २३७३२ या पत्त्यातला आकडा अधिक २५६ गुणिले २३७३३ मधला आकडा छापून पाहिला. उत्तर ६५५३५ आले, म्हणजे ४८ केबी पूर्ण शाबूत. येथे ३२७६७ आले असते तर वरची रॅम गेली असे समजून पुन्हा सोल्डरिंगची सळई तापवावी लागली असती.

यानंतर कीबोर्डने सूड उगवला. १ ते ५ ही पाच बटणे एकदम मुकी झाली. बटणांखालच्या मेम्ब्रेनला, म्हणजे वाहक रेघा असलेल्या प्लास्टिकच्या पातळ पडद्याला, आठ अर्ध्या ओळी आणि पाच उभ्या वाहिन्या असतात. एका अर्ध्या ओळीतली सगळी बटणे एकत्र गेली की मेम्ब्रेनच्या शेपटीतली एक रेघ तुटली असे खुशाल समजावे. चाळीस वर्षांचे ते प्लास्टिक पेटी उघडताना पापडासारखे मोडते. तुटले ते टोक कापून थोडे आत सरकवता येते, परंतु शेपटी मुळातच आखूड असल्याने हा उपाय एकदाच चालतो. मी नवी मेम्ब्रेन मागवली, कारण कार्डावरच्या फाइलींच्या यादीत फिरायलाही कीबोर्ड लागतोच.

आता ज्यासाठी कार्ड घेतले त्या कामाविषयी. कॅसेटवरून ४८ केबीचा खेळ यायला पाच मिनिटांच्या आसपास लागत, आणि टेपचे हेड जरा तिरके असेल तर चौथ्या मिनिटाला सारे पाण्यात जाई. कार्डावरून तोच खेळ दोन-तीन सेकंदांत येतो. टॅप फाइली, म्हणजे कॅसेटवरच्या मजकुराची नक्कल, आणि स्नॅपशॉट, म्हणजे यंत्राच्या स्मृतीचे एका क्षणीचे चित्र, या दोन्ही चालतात. मात्र येथे कार्डाच्या कार्यपद्धतीचीच मर्यादा आडवी येते. ते रॉममधल्या ठरावीक पत्त्यावर पहारा देते. आणि अनेक कंपन्यांनी नकला रोखण्यासाठी, किंवा लवकर चढावे म्हणून, रॉमला वळसा घालणारे स्वतःचे लोडर, म्हणजे खेळ चढवणारे छोटे प्रोग्राम, लिहिले होते. असा खेळ टॅप फाइलीतून सुरू होताना अर्ध्यावर थांबतो आणि कार्ड निमूटपणे बघत राहते. त्यासाठी स्नॅपशॉट वापरावा. टीझेडएक्स, म्हणजे कॅसेटची नक्कल साठवण्याच्या दुसऱ्या प्रकारच्या फाइली, ईएसएक्सडॉस उघडतच नाही. १२८ केबीच्या यंत्रासाठी लिहिलेले खेळ अर्थातच ४८ केबीवर चालणार नाहीत, आणि त्यात कार्डाचा दोष नाही. मला वैयक्तिकरीत्या खेळांपेक्षा जास्त आनंद झाला तो बेसिकमधले स्वतःचे प्रोग्राम नाव देऊन साठवता येतात याचा. मामांच्या वहीतला रेल्वे वेळापत्रकाचा एक प्रोग्राम मी टंकून घेतला आणि तो त्यांना चालवून दाखवला. त्यांनी त्यातली १९८७ पासूनची एक चूक तिथल्या तिथे दाखवली.

एक तांत्रिक इशारा येथेच देतो. एसडी कार्डावर एफएटी ३२ मांडणी करून बिन, सिस आणि टीएमपी असे तीन फोल्डर ठेवावे लागतात, आणि या फोल्डरांतल्या ईएसएक्सडॉसची आवृत्ती कार्डाच्या फ्लॅश चिपमधल्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. मी उत्साहाच्या भरात नवी आवृत्ती उतरवून घेतली आणि चिपमध्ये जुनीच राहिली. तासभर मी एसडी कार्डाला शिव्या घालत होतो. विक्रेत्याने चार ओळींचा कागद दिला असता तर हा तास वाचला असता.

आता गंभीर तक्रार. माझ्या नगाचा कनेक्टर सैल आहे. यंत्राच्या पट्टीवर तो आडवा जेमतेम अर्धा मिलिमीटर सरकतो, आणि ज्या जोडणीत दोन शेजारच्या पट्ट्यांवर १२ व्होल्ट आणि संदेशवाहिनी असू शकते तेथे अर्धा मिलिमीटर फार मोठा असतो. कनेक्टरच्या खाचेत प्लास्टिकची एक छोटी किल्ली असते, ती बोर्डाच्या कापलेल्या जागेत बसून सरकणे रोखते. माझ्या नगात ती पातळ होती. विक्रेत्याला कळवल्यावर त्याने दिलगिरी व्यक्त करून जाड किल्ली टपालाने पाठवली, महिनाभराने ती आली आणि सरकणे थांबले. शिवाय स्पेक्ट्रम प्लसच्या मागच्या घडीच्या पायांवर यंत्र उभे केले की कार्ड अधांतरी लोंबते आणि त्याचा भार पट्टीवर येतो. मी पाय मिटूनच यंत्र वापरतो आणि डबीखाली पुठ्ठ्याची घडी सारतो. तांब्याचे पट्टे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे आणि कार्ड काढताना किंवा लावताना आधी वीज तोडणे, या दोन सवयी मामांच्या अनुभवानंतर आमच्या घरात सक्तीच्या आहेत.

ज्याच्याकडे इंटरफेस १ आणि मायक्रोड्राइव्ह, म्हणजे सिंक्लेअरचे छोट्या टेप-काडतुसांवर माहिती साठवणारे उपकरण आणि त्याचा जोड, आहेत त्याला ते आणि हे कार्ड एकाच वेळी वापरता येणार नाही. इंटरफेस १ आणि कार्ड दोन्ही रॉममधल्या ८ या पत्त्यावर टपून असतात आणि दोघांनीही एकदमच मूळ रॉम बाजूला सारायला सुरुवात केली की यंत्र गोठते. म्हणून मामांचा इंटरफेस १ मी वेगळ्या डब्यात ठेवला आहे.

ज्याचे यंत्र चालू आहे, दाब मोजून झाले आहेत आणि ज्याला कॅसेटचा ध्यास नाही, त्याने हे कार्ड बेलाशक घ्यावे. सात हजार रुपये मला जास्त वाटले नाहीत. ज्याचे यंत्र बंद आहे त्याने आधी मल्टीमीटर, मग टीआर ४ आणि टीआर ५, आणि त्यानंतर तपासणीचा प्रोग्राम भरलेले कार्ड असा खर्चाचा क्रम ठेवावा. नव्या कनेक्टर-किल्लीनंतरच्या आठ महिन्यांत माझे यंत्र एकदाच अडले, आणि ते पुठ्ठ्याची घडी कोणीतरी झाडताना केरात टाकल्यामुळे.